महारुद्र वेळेवर कसा पोहोचला

१

नवरीची गाडी देवगाव फाट्याच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि तासाभरात बन्सीधरकाका गेल्याची बातमी मांडवात आली. मांडवात म्हणजे जे काही उरलं होतं त्यात. निम्म्या खुर्च्या टेम्पोत चढल्या होत्या, आचारी कढया घासत होते आणि मी खांबाला टेकून, पोट तुडुंब भरलेलं असताना, जिलबी उरली आहे का याचा अंदाज घेत होतो.

मी जीवन. सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, खासगी बस आणि विमान. विमानाचं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं, पण पाटीवर चित्र विमानाचंच काढून घेतलं आहे. राहायला मात्र मी गावातच, आणि बन्सीधरकाकांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक. त्यामुळे लग्नात मी घरचाच होतो, म्हणजे काम सांगायला घरचा आणि पंगतीत शेवटचा.

लग्न काकांच्या नातीचं, राजनंदिनीचं. तिचे वडील परमेश्वरभाऊ हे काकांचे धाकटे चिरंजीव, गावात राहून शेती बघणारे. खर्च दणकून केला होता, पण नियोजन म्हणाल तर आनंद होता. मे महिन्याचं ऊन, आणि पंगतीत पाणी कोमट! शनिवारी बर्फवाल्या नागेशच्या गाडीतून लाद्याच्या लाद्या उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या कुठे गेल्या ते विचारायला मी आचाऱ्याकडे गेलो, तर तो माझ्यावरच खेकसला. कन्यादानाच्या वेळी परमेश्वरभाऊंची कंबर धरली, म्हणून ते नवरीच्या मामानं केलं. कडूबाईकाकू, म्हणजे नवरीची आजी, मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसून राहिल्या. काकांना तर शुक्रवारी रात्रीपासून ऊन लागलेलं. मागच्या खोलीत एसी लावून, दार ओढून ते झोपलेले होते. नातीच्या लग्नाला आजोबा नाहीत म्हणून सगळे हळहळले आणि जेवायला बसले.

पाठवणी झाल्यावर परमेश्वरभाऊ त्या खोलीत गेले. बाहेर आले ते उंबऱ्यावरच खाली बसले. "आबा गेले," एवढंच म्हणाले.

काका ब्याऐंशी वर्षांचे. शुगर जुनी, दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई. अशा माणसाच्या मरणाला डॉक्टर बोलवावा असं कुणालाच वाटलं नाही. प्रश्न एकच होता, अग्नी कोण देणार. मोठा मुलगा महारुद्र सॅन फ्रान्सिस्कोला, दहा वर्षांपासून. बापाला अग्नी थोरल्यानंच द्यायचा, असं कडूबाईकाकूंनी ठणकावून सांगितलं. मग त्याला कळवून रात्रभर ठेवायचं ठरलं.

सोमवारी सकाळी, उन्हं अंगणात यायच्या आत, महारुद्र गाडीतून उतरला. पाठीला एक पिशवी, दाढी वाढलेली. दोघा भावांनीच आत बापाला आंघोळ घातली, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. गावानं महारुद्रचं तोंडभरून कौतुक केलं. लेक असावा तर असा, बातमी कळली की सकाळी हजर. एवढ्या लांबून एवढ्या लवकर कसा आला, असं कुणीतरी हळूच विचारलंच. तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आश्रुबांनी समजावून सांगितलं.

"आरं, तिकडं आपल्यापेक्षा एक दिस मागं असतंय. त्यो कालच निघाला, म्हून आज आला."

ते सगळ्यांना पटलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परतलो, तर दारात गोंधळ. काकांची मुलगी राजेश्रीताई, पूर्णेला दिलेली, ओसरीवर उभी राहून ओरडत होती. तिच्या हातात इन्सुलिनच्या सुयांचं पाकीट होतं.

"शुक्रवारच्या नंतर एक बी सुई वापरलेली न्हाई! दोन दिस सुईच दिली न्हाई त्या बाईनं. मपल्या बापाला मालनबाईनं मारलंय!"

२

मालनबाई चार वर्षांपासून काकांचं बघत होती. सुई देणं, पथ्याचं खाणं, आंघोळ, पाय चोळणं, सगळं. पूर्वी ती एका दवाखान्यात आया होती, म्हणून हात सराईत. आता सेलूच्या दुसऱ्या एका दवाखान्यानं तिला जूनपासून बोलावलं होतं. राजेश्रीताईंनी पोलिसांत तक्रार दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिकडून निरोप आला, येऊ नका. ज्या बाईच्या हातून पेशंट गेला असं गाव म्हणतं, तिच्या हातात आपला माणूस कोण देणार? तक्रार खरी ठरली असती तर खटला, आणि खरी-खोटी काहीच ठरली नसती तरी जन्माची बदनामी. मालनबाईच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही.

तपासाला आल्या फौजदार संघप्रिया खिल्लारे. बाई तिशीच्या, बोलणं कमी, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे न बघता त्याच्या घराकडे बघायची सवय. शेजारी आणि लग्नातला माणूस म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. दुकान बंद ठेवावं लागलं, पण खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

मालनबाई दाराशी बसली होती. आमच्यासाठी उठली, पाणी आणलं, पुन्हा बसली.

"शनवारी सकाळी म्या रोजच्या वक्ताला गेले व्हते, मॅडम. परमेश्वरभाऊ दारातच उभे. म्हनले, घरात पाव्हणे लय हायती, दोन दिस येऊ नका, सुई आमी देतो. म्या माघारी आले. आता ते म्हनत्यात, तू आलीच न्हाईस."

"तुम्हाला येताना कुणी पाहिलं?"

"लग्नाचं घर. कोन कुनाकडं बघतंय?"

परमेश्वरभाऊंनी ओसरीवर सतरंजी टाकून आमचं स्वागत केलं. चहा मात्र शेजारून, म्हणजे आमच्याच घरून मागवला. सुतकाच्या घरचं कसं द्यायचं?

"ऐन लग्नात म्या तिला सुट्टी कामून देईन? आलीच न्हाई ती. गडबडीत आमच्या बी ध्यानात न्हाई ऱ्हायलं. तेवढी आमची चूक." मग जरा थांबून, सतरंजीची सुरकुती सारखी करत ते म्हणाले, "बाई तुमच्या ओळखीची असंल मॅडम. समाजाची म्हून..."

"माझ्या ओळखीची नाही," खिल्लारे मॅडम म्हणाल्या. "तुमच्या ओळखीची आहे. चार वर्षांची."

राजेश्रीताईनं रडत-रडत सांगितलं, की ती शुक्रवारी माहेरी आली तेव्हा आबा उठून बसले होते, बोलले होते. शनिवारी ती दोनदा आबांच्या दाराशी गेली. दोन्ही वेळा माय म्हणाली, झोपलेत, उठवू नको. मग हळद, मग मेंदी, मग पाव्हणे. वेळच मिळाला नाही.

कडूबाईकाकू भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर पडताना मॅडमनी मला विचारलं, "लग्नात आजी कशा होत्या?"

"गप्प. अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत त्यांनी. राजनंदिनी पाया पडताना कुंकू लावायला गेली, तर तोंड फिरवलं. डोळ्यात जाईल म्हणे. वय झालं की माणूस किरकिरं होतं."

मॅडमनी मान हलवली आणि आणखी काहीच विचारलं नाही. जीप सेलूकडे वळली तेव्हा एकीच्या शब्दासमोर दुसऱ्याचा शब्द, एवढंच हाती होतं. प्रेत जळून गेलेलं. उरलं होतं फक्त न वापरलेल्या सुयांचं पाकीट, आणि ते मालनबाईच्या विरोधात बोलत होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. एक पालक पोराच्या अमेरिकेला शिकायला जायच्या तिकिटाची चौकशी करून गेले, आणि मला एकदम लख्ख दिसलं. स्मशानात माणूस लाकडं उचलतो, धंद्याचं डोकं चालवत नाही. पण एकदा ते चालू झालं की मग थांबत नाही. मी सरळ मॅडमना फोन लावला. त्या स्वतःच दुकानात आल्या.

"मॅडम, सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई किती अंतर आहे?"

"तुम्ही सांगा."

"साडेतेरा हजार किलोमीटर. तेही पृथ्वीच्या पाठीवर ताणून दोरी धरली तर. थेट विमान मिळालं तरी सोळा-सतरा तास. मध्ये कुठं उतरून दुसरं धरायचं असेल तर वीस-बावीस. निघायच्या आधी तीन तास विमानतळावर हजर राहायचं, ते वेगळंच. आणि मुंबईला उतरला म्हणजे सेलूला आला असं नव्हे. पुढं रस्त्यानं आठ तास. तुमचं नशीब कितीही जोरावर असलं तरी एक आख्खा दिवस आणि वर काही तास गेल्याशिवाय तो माणूस या गावात उतरू शकत नाही. आणि इथं काका गेले रविवारी संध्याकाळी, आणि हा सोमवारी सकाळी दारात!"

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "पण तिकडं एक दिवस मागं असतो ना?"

मला वाटलं बाईही आश्रुबांच्याच वर्गातल्या. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लक्षात आलं, त्या माझी परीक्षा घेत होत्या.

"घड्याळ मागं असतं, मॅडम. विमान नाही. तिथं शनिवार असो की रविवार, खुर्चीत बसलेल्या माणसाला तेवढे तास बसूनच काढावे लागतात."

"म्हणजे रविवारी संध्याकाळी परमेश्वर उंबऱ्यावर बसून 'आबा गेले' म्हणत होता, तेव्हा महारुद्र कुठं होता?"

"हवेत! कधीचाच. मुंबईच्या जवळ आला असेल." मी आवाज खाली आणला. दुकानात आम्ही दोघंच होतो, तरी आणला. "मॅडम, बाप मरायच्या आधी हा निघाला होता. त्याला माहीत होतं, बाप मरणार आहे."

४

महारुद्र शेताच्या बांधावर लिंबाखाली बसला होता. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा पंचा. अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस आणि नुसता बापाचा मुलगा यांत तेवढ्या वेळापुरता काही फरक दिसत नव्हता. मला मात्र तो त्या क्षणी खुनी दिसत होता, आणि आपण खुन्याच्या एवढं जवळ बसलो आहोत याचं थोडं अप्रूपही वाटत होतं.

मॅडमनी आडवळण घेतलं नाही. "तुम्ही निघालात तेव्हा वडील जिवंत होते की नव्हते?"

त्यानं बांधावरची काडी उचलून मोडली. "मी लग्नाला निघालो होतो. कुणाला न सांगता यायचं, असं ठरवलं होतं. पोहोचेपर्यंत हे झालं."

हे मी धरलंच नव्हतं. माझा फुगा तिथल्या तिथं फुटला. साधी गोष्ट, चुलता पुतणीच्या लग्नाला येतो, यात कसला खून? मी उठायच्या तयारीत होतो. पण मॅडम हलल्या नाहीत.

"विमान मुंबईला कधी उतरलं?"

"रविवारी रात्री."

"लग्न रविवारी दुपारचं होतं."

"उशीर झाला."

"विमानाला, की तुम्हाला?"

त्यानं पायाजवळचा वाळका पाला चुरगळला.

"राजनंदिनीसाठी काय आणलं होतं?" त्यांनी विचारलं, अगदी घरातल्या बाईनं विचारावं तसं.

पाठीवरची एक पिशवी घेऊन तो गाडीतून उतरताना मीच पाहिला होता. दहा वर्षांनी पुतणीच्या लग्नाला येणारा चुलता अमेरिकेहून रिकाम्या हातानं येत नाही. आमच्याकडे तर पुण्याहून येणारासुद्धा भाकरवडी आणतो. आणि ज्याला दुपारची अक्षता गाठायची आहे, तो रात्री उतरणारं विमान धरत नाही. दिवस मागं-पुढं होतो हा घोटाळा आश्रुबांचा होईल, दहा वर्षं तिकडं राहिलेल्या माणसाचा नाही.

"मी काही वाईट केलेलं नाही," महारुद्र शेवटी म्हणाला. "आबांना कुणी मारलं नाही, मॅडम. मालनबाईनं नाही आणि आम्हीही नाही. यापुढं मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

तो उठला आणि घराच्या दिशेनं चालायला लागला.

५

परतताना आम्ही देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. माझा फुगा पुन्हा भरला होता. "दोघं भाऊ सामील आहेत, मॅडम. जमिनीसाठी. धाकट्यानं सुई बंद केली, थोरल्याला कळवलं, ये आता. आणि बिचाऱ्या मालनबाईला पुढं केलं."

मॅडमनी चहा ओतून गार केला. "जीवनभाऊ, तुमच्या सांगण्यावरून खून झाला, आणि तुम्ही साडेतेरा हजार किलोमीटरवर आहात. तुम्ही काय कराल?"

"तिथंच बसेन."

"मग हा कशाला धावत आला? याच्याइतकी सुरक्षित जागा दुसऱ्या कुणाकडं नव्हती. येऊन त्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. खुनी असं वागत नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुमचा हिशोब बरोबर आहे. फक्त तुम्ही तो एका बाजूनं धरलाय. महारुद्र लवकर आला, असं तुम्ही म्हणता. तो अगदी वेळेवर आला असेल तर? बातमी कळली, मिळेल ते विमान धरलं, जेवढे तास लागतात तेवढे लागले, आणि आला. मुलगा जसा येतो तसा."

"मग काका..."

"थांबा. मला एक सांगा. माझ्या घरी हे पाळत नाहीत, म्हणून विचारते. सुतक असलं की काय काय करत नाहीत?"

आता हा काय प्रश्न झाला? पण विचारलंय तर सांगावं, म्हणून मी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "देवाला हात लावत नाहीत. देवापुढं दिवा लावत नाहीत. शुभकार्यात पुढं होत नाहीत. कन्यादान करत नाहीत. अक्षता टाकत नाहीत. नवरा गेलेला असेल तर ती बाई कुंकू..."

माझं बोट तिथंच राहिलं.

परमेश्वरभाऊंची कंबर. कडूबाईकाकूंची हाताची घडी. फिरवलेलं तोंड. मला आणखी एक आठवलं. नवरा-नवरीला पाया पडायला घरातल्या देवघरात नेलंच नव्हतं. परस्पर मारुतीच्या देवळात नेलं, आणि देवघराचं दार दोन्ही दिवस लावलेलं होतं.

"आणि तुमच्या पंगतीत पाणी कोमट होतं," मॅडम म्हणाल्या. ही तक्रार मी त्यांच्याकडे निदान तीनदा केली होती. "लाद्या उतरल्या, पण पाण्यात पडल्या नाहीत. मागच्या खोलीत गेल्या."

चहावाल्यानं आणखी देऊ का म्हणून विचारलं. मी नुसता पेला पुढं केला.

"काका शनिवारीच गेले होते," मी म्हणालो.

"मालनबाई कामावर यायच्या आधी. म्हणून तिला दारातून परत पाठवली. ती आत गेली असती तर पहिल्या नजरेत तिला कळलं असतं." त्या उठल्या. "या माणसांनी आख्ख्या गावाला फसवलं, जीवनभाऊ. देवाला फसवायची मात्र हिंमत झाली नाही. चला, आजींकडे जाऊ."

६

कडूबाईकाकू या वेळी उठून बसल्या. परमेश्वरभाऊ दारात, महारुद्र खिडकीशी, राजेश्रीताई आईच्या पायथ्याशी. मी कोपऱ्यात. मॅडमनी कुणावरच आवाज चढवला नाही. विमानाचं अंतर सांगितलं, कन्यादान सांगितलं, बर्फ सांगितला आणि थांबल्या.

"माय, काय म्हनायल्यात ह्या?" राजेश्रीताईंनी विचारलं.

काकूंनी मुलांकडे पाहिलं नाही. "शनवारी पहाटं गेले. म्या हात धरून उठवाया गेले, तर हात गार. झोपेतच गेले बघा, कुनाला तरास न्हाई. म्हैनाभर एकच म्हनत व्हते, मपल्यापायी पोरीचं लगीन थांबवू नका. पुढं अधिक म्हैना, मग चातुर्मास. आधीच दोनदा तिचं जमून मोडलेलं. पाव्हणे घरात उतरलेले. काय करावं?" त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला. "सुतक ऐकलं त्याला लागतंय. ज्याला ठावंच न्हाई त्याला कशाचं सुतक? म्हून तिघातच ठेवलं. म्या, परमेश्वर आन् त्याची बायको. आन् महारुद्राला कळवलं. अग्नी त्यानंच द्यायचा व्हता, त्याला न सांगून कसं चालंल? आमी शिवलो न्हाई कशाला. देवाला न्हाई, अक्षताला न्हाई."

"इकडची सगळी वेळ तुम्ही नीट जमवली," मॅडम म्हणाल्या. "पाठवणी झाली, मग सांगितलं. तिकडून यायला माणसाला किती वेळ लागतो, तेवढं धरायचं राहिलं."

राजेश्रीताई उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला.

"मला बी न्हाई सांगितलं?"

"तू आत्या, राजे. हळद तुलाच लावायची व्हती. तुला कळलं असतं तर..."

"मी नाचले, माय. शनवारी रात्री. बापाच्या दारापुढं मी नाचले."

महारुद्रनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो तिनं झटकला. मला तिथं बसवेना, पण उठूनही जाता येईना.

परमेश्वरभाऊंनी घसा खाकरला. "मॅडम, झालं ते झालं. राजेश्री तक्रार मागं घेईल. बात इथंच मिटवू. पोरीच्या सासरी कळलं तर..."

"लग्न लपूनछपून केलं, तो तुमच्या घरचा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बहिणीनं आरोप केला तेव्हा तुम्ही एका गरीब बाईला पुढं उभं केलंत, आणि पोलिसासमोर खोटं बोललात, तो माझा प्रश्न. मालनबाईला गावासमोर खुनी म्हटलं गेलं. तक्रार गुपचूप मागं घेतल्यानं ते पुसलं जात नाही. लोक म्हणतील, पैसे देऊन मिटवलं."

"मग काय करू? पोरीचा संसार मोडू?"

"गावाला मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. दहाव्याला गाव येईल, नवरदेवाकडचे येतील, मालनबाईही येईल. मीही येईन. तुम्ही बोललात तर तुमचा जबाब मी दुरुस्त करून घेईन. नाही बोललात, तर मी तो आहे तसा, खोटा जबाब म्हणून न्यायालयात पाठवेन."

परमेश्वरभाऊ आईकडे बघत राहिले. मॅडम त्यांचं उत्तर न घेताच बाहेर पडल्या.

७

दहावा दुधनेच्या काठी. आमच्याकडे तिथं बायका सहसा येत नाहीत. कडूबाईकाकू आल्या. परमेश्वरभाऊ खाली मान घालून बसले होते, आणि ते बोलणार नाहीत हे पिंड मांडण्यापूर्वीच सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे मला आणि मॅडमना. बाकीच्यांना काहीच माहीत नव्हतं.

मालनबाईला राजेश्रीताई स्वतः घेऊन आली होती. मालनबाई लोकांपासून लांब, बाभळीच्या सावलीत उभी होती. तिच्या आसपास मोकळी जागा आपोआप पडली होती.

पिंडाला कावळा शिवला आणि लोक उठायला लागले. तेव्हा काकू पुढं आल्या.

"थांबा जरा. हे शनवारी गेलेले. रविवारी न्हाई. आमी लपवलं, पोरीच्या लग्नापायी. मालनबाई शनवारी आली व्हती, आमीच तिला दारातून माघारी लावली. तिची काडीची चूक न्हाई. सुई द्यायला माणूसच जित्ता नव्हता."

सगळ्यांची तोंडं वळली ती नवरदेवाच्या आजोबांकडे. म्हातारे पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले होते. परमेश्वरभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हातारबांनी पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं.

"आमच्या कानावर रविवारी सांजंला आलं," ते म्हणाले. "तर सुतक तवापासून. लगीन आधीच झालेलं हाय, त्याला काय व्हतंय? आन् नातसून आमच्या घरी दळायला बसली बी. पण व्याही, सांगायला पायजे व्हतं. आमी का परके?"

परमेश्वरभाऊ तिथंच ढसाढसा रडायला लागले. लोकांनी त्यांना धरलं, पाणी दिलं. चारचौघांनी काकूंच्या हिमतीचं कौतुक केलं. संसार वाचला, अब्रू वाचली, आता सगळं सुरळीत, अशी एक हालचाल सुरू झाली. आश्रुबा तर मला सांगायलाही लागले, की महारुद्र एवढ्या लवकर कसा आला याची शंका त्यांना पहिल्यापासून होती. त्या गर्दीत मालनबाईची आठवण पहिल्यांदा खिल्लारे मॅडमना झाली.

"मावशी, तुमचं नाव मोकळं झालं. दवाखान्याला मी स्वतः कळवते."

मालनबाईनं मान हलवली. मग ती गर्दीतून वाट काढत कडूबाईकाकूंपुढं येऊन उभी राहिली. लोक बाजूला सरकले. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलावंच.

"काकू, पहाटं कवा गेले?"

"कोंबडा आरवला तवा."

"म्हंजी म्या दारात उभी व्हते, तवा आबा आतच व्हते."

काकूंनी मान खाली घातली.

"चार वर्सं म्या त्यांची पाठ पुसली. खोकल्याची उबळ आली की म्या धावायची, तुमी न्हाई. ते गेलेले मला गावातून कळलं. त्याच्यावर दोन दिस गेले, तर पोलीस दारात. तवापासून म्या नुसती सांगत फिरायलेय, म्या न्हाई मारलं, म्या न्हाई मारलं." तिनं पदर घट्ट धरला. "मला रडायला सवडच न्हाई दिली तुमी."

एवढं म्हणून ती तिथंच वाळूत खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. घरच्या माणसासाठी रडतात तसं. कुणाला काय करावं कळेना. थोड्या वेळानं राजेश्रीताई येऊन तिच्या शेजारी बसली, आणि मग त्या दोघी रडल्या. मॅडम जीपकडे गेल्या. मी त्यांच्या मागं गेलो नाही.